भरदुपारी तारा ऐकणारे मास्तर

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. वकिलीत दुसऱ्यांच्या खोट्या साक्षी उलटतपासात फोडल्या. स्वतःची मात्र जपून ठेवली.

आमचे देवराव मास्तर भरदुपारी, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, तारे ऐकत. अमरावतीत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी मोर्शीजवळच्या आपल्या वावरात बांबू रोवले आणि तांब्याच्या तारा ताणल्या. शेजारी माझी संत्र्याची बाग. लोकांना वाटे, वेलांचा मांडव घातलाय.

"कारले कवा लागतीन, मास्तर?"

"लागले का तुलेच पयले देतो."

त्यांना ऐकायचा होता पल्सार : गरगर फिरणारा मेलेला तारा. त्याच्या रेडिओलहरी ठरावीक वेळाने ठोका देतात. मास्तरांना तो हवा होता अगदी खालच्या पट्टीत, जिथे आकाशाचीच खरखर ठोक्याहून मोठी. म्हणून संगणकावर हजारो ठोके एकावर एक रचायचे, म्हणजे खरखर विरते आणि ठोका वर येतो. त्यात विजेचा व्यत्यय नको, म्हणून वावरातल्या घरी मिक्सर बंद. मास्तरीणबाई पाट्यावर चटणी वाटत आणि ताऱ्याचा उद्धार करत. मोटारसायकलवाल्याला मास्तर बांधावरच अडवत, "बंद कर बे गाडी, ढकलत ने! तारा बोलून राहिला!"

सहा वर्षांनी तो बोलला. सव्वा सेकंदाला एक ठोका. मास्तर पेढे घेऊन धावत माझ्या बागेत आले. तिथे गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांची पंगत बसली होती.

मी म्हणालो, "मास्तर, हा तं माह्या करंटच्या कुंपणाचा झटका! डुकरं हाकलाचं मशीनबी तेवढ्याच वेळानं ठोका देते. तुमी त्यालेच तारा समजले!"

पंगत हसून लोळली. मास्तरही हसले.

खरा तारा रोज चार मिनिटं लवकर डोक्यावर येतो; कुंपणाच्या ठोक्याला असली वेळ नसते. दोन दिवस थांबून त्यांना खात्री करता आली असती. कुणीतरी तसं सुचवलंही. मास्तर म्हणाले, "वकीलसाहेब खोटं काहून बोलतीन?" आणि बांबू उपटले.

माझं मशीन तो आठवडाभर मोर्शीत दुरुस्तीला पडलं होतं. बोलताना मला ते ठाऊक होतं. हशा मिळत होता, एवढंच.

मास्तरीणबाई गेल्यावर मास्तर अकोल्याला लेकीकडे राहू लागले. गेल्या उन्हाळ्यात वाक्य घोकत घोकत मी तिथे गेलो. त्यांनी माझा हात धरला आणि नातीला हाक मारली.

"पोरी, पाया पड यायच्या. मी साऱ्या जगाले कळवून राहिलो होतो. यायनं थांबवलं, नाई तं किती हसले असते लोक! असा दोस्त पायजे."

नात वाकली. मी आशीर्वाद दिला. चहा आला, तो प्यालो आणि परतलो.

पोळ्याच्या आधी मास्तर गेले.

वाक्य तसं लहानच होतं. मास्तर, माफ करा, कुंपण बंद होतं.