सोनूबाई कुणाला म्हणतोस?

घाटकोपरच्या टेकडीवरच्या चाळीत राहणारा जयवंत एम.फिल.साठी शेजाऱ्यांच्या भांडणांवर संशोधन करत होता. मालाला तोटा नव्हता. द्रौपदीकाकू आणि वनमालावहिनी रोज सकाळी नळावर अशा जुंपायच्या, की पाववाला सायकल भिंतीला टेकवून ऐकत उभा राहायचा.

पण त्याच्या मार्गदर्शक अनुपमा मॅडम नियमाला पक्क्या. "चोरून ऐकलेलं चालणार नाही. आधी परवानगी घे. प्रबंधात खरी नावं नकोत. आणि भांडण आपोआप झालेलं हवं, तू लावलेलं नको," त्यांनी बजावलं.

जयवंतने परवानगी मागितली. दोघींनी ती हसत हसत दिली आणि तिथेच त्याची वाट लागली.

दुसऱ्या दिवशी द्रौपदीकाकू नळावर आल्या त्या ठेवणीतलं लुगडं नेसून. वनमालावहिनींच्या अंबाड्यावर अबोलीचा गजरा.

"आधी आपण भरा ना," वहिनी म्हणाल्या.

"छे छे, आपलाच नंबर!" काकू म्हणाल्या.

ते 'आपण' ऐकून रांगेतल्या दशरथमामांच्या हातून कळशीच निसटली.

आठवडाभर हेच. चाळीत साधी कुरबूर होईना. प्रबंध द्यायची तारीख तर डोक्यावर आलेली. शेवटी जयवंत रडकुंडीला आला. "काकू, बिनधास्त भांडा ना! कुणाला कळतंय? तुमची नावं बदललीत मी."

"होय? माझं काय ठेवलंस?" काकूंनी कौतुकाने विचारलं.

"सोनूबाई."

"आणि हिचं?"

"मोहिनी."

काकूंनी वहिनींना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "ही मोहिनी? आणि मी सोनूबाई काय रे, मेल्या?"

"शिकलेला पोरगा आहे तो, बरोबर ओळखणारच!" वहिनींनी गजरा सारखा केला.

मग जे पेटलं ते काय सांगावं! बादल्या आपटल्या. बारशातले रुसवे निघाले, गणपतीत न पोचलेले मोदक निघाले. जयवंत आनंदाने भराभर लिहीत असतानाच मागे अनुपमा मॅडम येऊन उभ्या राहिल्या. त्या कामाची पाहणी करायला आल्या होत्या.

"कशावरून चाललंय हे?"

"मी ठेवलेल्या नावांवरून, मॅडम."

"म्हणजे तूच लावलंस! एक शब्द वापरता येणार नाही. खोड सगळं!"

द्रौपदीकाकूंनी पदर खोचला. "ओ बाई, आमचं भांडण खोडणाऱ्या तुम्ही कोण?"

"एवढा घसा फोडला तो काय फुकट?" वहिनी काकूंच्या खांद्याला खांदा लावून पुढे झाल्या.

मॅडम मागे सरकल्या, आणखी सरकल्या आणि दशरथमामांच्या भरलेल्या टबात जाऊन बसल्या.

त्यांना बाहेर काढून, काकूंचं कोरडं लुगडं नेसवून, चहा पाजेपर्यंत नळ गेला. मामांचा टब वाया गेला होता आणि बाकी कुणाचंच पाणी भरून झालं नव्हतं. चाळीने एकमुखाने ठरवलं, की पाणी जयवंतने आणायचं, टेकडीखालच्या विहिरीवरून.

जयवंत धापा टाकत चढ चढून आला, तेव्हा दोघी कंबरेवर हात ठेवून वाटच बघत होत्या.

"आधी माझ्या पिंपात ओत रे!"

"वा गं वा! माझं आधण खोळंबलंय!"

"तुझं रोजच खोळंबतं!"

"आणि तुझ्या घरी तर चूलच पेटत नाही!"

भांडण अस्सल होतं, आपोआप लागलेलं होतं. लुगड्यातल्या मॅडम दारातून हर्षाने ओरडल्या, "जयवंत, हे चालेल! लिही, लवकर लिही!"

जयवंतने आधी मॅडमकडे पाहिलं आणि मग आपल्या दोन्ही हातांतल्या काठोकाठ भरलेल्या बादल्यांकडे.