विश्वात शिरलेला शिंपी

पालकांना शहाणं करून सोडणारे सल्लागारसाहेब, दोष तुमचाच आहे! शाळेच्या फाटकावर कागद डकवलात, ‘मुलांच्या विश्वात शिरा’, आणि हात झटकून मोकळे झालात. आमचा शिंपी शिरला ना!

त्याची लेक चिमणी बारा वर्षांची. बापाशी बोलणं आताशा ‘हं’ आणि ‘ऊं’वर आलेलं. सदान्‌कदा आतल्या खोलीत, मोबाईलवर ढगांचा खेळ.

“त्यात काय! पोरीच्या मनाचं माप मी चुटकीसरशी घेतो,” असं बायकोला ठणकावून शिंप्याने दुकानात बसून आपल्या मोबाईलवर तोच खेळ उघडला. नाव घेतलं गुलाबी ससा.

आत निळी संध्याकाळ कधी मावळतच नव्हती. पिंजलेल्या कापसाचे ढग मेंढरांसारखे चरत होते. त्यांना हाकत होती एक कोल्ही. तीच चिमणी! ससा तिच्यामागून तरंगत निघाला. हात कापडावर, पाय मशीनवर, जीव मात्र ढगात.

“अहो, ह्या कोटाला तिसरी बाही कशाला?” बायको किंचाळली.

“शेपटीसाठी,” शिंपी तंद्रीत म्हणाला.

कोटवालं गिऱ्हाईक समोरच उभं! “मला शेपटी आहे?”

“मागे वळा, बघतो!”

गिऱ्हाईक कोट टाकून पायऱ्या उतरलं. शिंप्याला त्याचा पत्ताच नाही. कारण पडद्यावर कोल्हीने लिहिलं होतं, “सशा, तू किती छान ऐकतोस रे! माझे बाबा मान वरच करत नाहीत. मशीन हीच त्यांची लेक.”

शिंप्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याने लिहिलं, “फाटलेलं नाही, उसवलंय फक्त. आत्ता जाऊन बोल. एक टाका तू घाल, एक ते घालतील.”

कोल्ही धुक्यात विरून गेली.

दुकानाचा पडदा हलला. “बाबा, मला बोलायचंय तुमच्याशी.”

“थांब गं जरा!” मान खालीच. “माझी कोल्ही कुठे गेली बघू दे. आत्ता इथे होती!”

चिमणीने वाकून मोबाईलकडे पाहिलं. गुलाबी ससा रानोमाळ कोल्हीला शोधत होता.

“अगं बाई! ससा तुम्ही?” तिने बापाच्या गळ्यातली टेप दोन्ही हातांनी धरून ओढली. “बाबा, मी इथे आहे! बाहेर या ना!”

“आलोच चिमणे. हा एवढा ढग वळवतो...”

तर बोला साहेब! शिरा म्हणालात. बाहेर कसं पडायचं, ते कुठल्या फाटकावर डकवलंय?