व्याह्यांचा प्याला आणि दारचा चढ

"सरळ सांगतो, सर," तुर्दाकुन व्याही म्हणाले. "वऱ्हाड माझ्या बसमधनं येणार. आमच्या म्हाताऱ्या आत्या तुमच्या दारचा हा चढ पायी चढायच्या नाहीत, आणि त्यांना खाली ठेवून सून नेली तर त्या मला जगू द्यायच्या नाहीत. बस बारा अंशांपर्यंत चढते, पुढं हटून बसते. बोला, चढ किती? जास्त असेल तर ही सोयरीक नको."

दुसऱ्या कुणीही "दहा!" म्हणून मेजवानीचं मेंढरू कापायला घेतलं असतं. पण ओरोझबाय सरांनी नारिनच्या शाळेत जन्मभर भूमिती शिकवली होती.

"अंदाज नको. मोजतो."

सरांच्या बायकोनं, बुरुलबाईंनी, कपाळाला हात लावला. लेकीचं, जिबेकचं, आधीचं स्थळ असंच मोडलं होतं. त्या व्याह्यांनी आपल्या नव्या तंबूचं क्षेत्रफळ सांगितलं आणि सरांनी चारचौघांत ते खोडून काढलं.

व्याही हात धुवायला मागं गेले तेवढ्यात सरांनी किटली उचलली आणि व्याह्यांचाच प्याला काठोकाठ भरला.

"अहो, काय करताय!" बुरुलबाई किंचाळल्याच. "पाहुण्याला घोटघोट ओततात. भरलेला प्याला म्हणजे 'हा प्या आणि चालते व्हा'!"

"अगं, पाणसळ शेजाऱ्यानं नेलीय. फळीवर हा ठेवला की चहा सांडेल ती बाजू खाली. सगळीकडं काठाला टेकला की फळी सपाट."

"मग पाणी घ्या!"

"पांढऱ्या प्याल्यात पाणी दिसतं का?" असं म्हणून सर मीटरभराची फळी शोधायला गेले, बुरुलबाई दुसरा प्याला आणायला धावल्या, आणि व्याही हात पुसत परत आले.

त्यांनी प्याला पाहिला. तेवढ्यात सर आले, तो प्याला उचलून फाटकाकडं निघाले. व्याह्यांना वाटलं, चहासुद्धा रस्त्यावर नेऊन ठेवताहेत! त्यांनी टोपी चढवली.

सर चढावर पालथे पडले होते. फळीचं चढाकडचं टोक जमिनीला, उताराकडचं दगडांवर, मध्ये प्याला.

"येतो मी," व्याही फाटकातून म्हणाले.

"हो हो, या," सर मान वर न करता म्हणाले.

उताराकडचं टोक जमिनीपासून वीस सेंटिमीटर वर भरलं. लांबी मीटरभर, म्हणजे एकास पाच. सरांनी कोष्टक आठवलं आणि आनंदानं ओरडले, "अकरा अंश आणि एकोणीस मिनिटं! व्याहीबुवा, बस येणार!"

फाटकात फक्त बुरुलबाई उभ्या होत्या. त्या रडत होत्या.

"गेले. आता पोरीला भूमितीशीच लावून द्या."

दुसरंही स्थळ त्यांनी बरोबर उत्तर काढून मोडलं होतं. चढाच्या तळाशी बसचं इंजिन खोकायला लागलं. पुराव्यासाठी सरांनी प्याला उचलला आणि ते उतारावरून धावत सुटले. चहा अस्तनीत गेला, बुटांत गेला, दाढीलाही थोडा लागला.

"व्याहीबुवा, थांबा!" धापा टाकत त्यांनी बसच्या खिडकीतून प्याला आत धरला.

व्याह्यांनी रागानं आत पाहिलं. तळाशी जेमतेम घोटभर चहा उरला होता. घोटभर, म्हणजे सोयऱ्याला देतात तेवढाच.

व्याह्यांचे डोळे भरून आले. "चूक सुधारायला या वयात एवढं धावत आलात? आणि मीच मेला रागावून निघालो!" त्यांनी घोट घेतला, खाली उतरून सरांना कडकडून मिठी मारली.

हे साफ चुकीचं होतं. चहा मानानं कमी झाला नव्हता, उतारानं झाला होता. सरांनी ते सांगायला तोंड उघडलं. वर फाटकात जिबेक येऊन उभी होती, ओढणीचं टोक दातात धरून. सरांनी तोंड मिटलं.

"बरं, चढ किती निघाला?" व्याह्यांनी विचारलं.

"अकरा अंश आणि थोडा."

"थोडा म्हणजे किती?"

सरांनी फाटकातल्या जिबेककडं पाहिलं. "थोडा," ते म्हणाले.