मोटबाच्या बिऱ्हाडाची हकीकत

श्रीगजाननास नमन, आणि कळ दाबिताच जो जागा होतो त्या यंत्रासही नमन. मुलांनी पुसिले की संगणकाचे पोटात कोण कोठे राहतो, सबब ही हकीकत. सावकाश ऐकावी.

शके एकोणीसशे सदतीस, मन्मथनाम संवत्सर. ते काळी संगणक नामे राज्य थोर, त्याचे सुभे अनेक, त्यांस वितरणे म्हणती, म्हणजे एकाच प्रणालीचे निरनिराळे संच. बाहेरील कारागीर प्रोग्रामांचे पेटारे भरून धाडीत आणि सुभेदार ते उघडून आतील मंडळीस बिऱ्हाडे देत. पेटाऱ्यातून एक सरदार निघे, त्यास बिन नामे चव्हाट्यावर बसवीत, आणि रयतेने नावाने हाक मारिली की त्याने उठून काम करावे. परंतु सरदारासमागमे घरचे गडीही येत. ते कामाचे खरे, परंतु धन्यावाचून कोणाचे बोलणे त्यांस उमजत नसे. त्यांनी राहावे कोठे, याविषयी सुभ्यांचा एकविचार नव्हता. उत्तर सुभ्याने त्यांजकरिता निराळे माजघर बांधिले, त्याचे नाव लिबएक्झेक. दक्षिण सुभ्यात माजघर नाही. तेथे वडिलांपासून चाल ऐसी की गड्यांनी लिब नामे कोठीघरात, भांड्याकुंड्यांशेजारी, धन्याचे नावाचे खणात राहावे. दोहींकडे गडी सुखी, परंतु सुभेदार एकमेकांस हसत.

उत्तरेस सगुणाबाई पोंक्षे नामे कारागीर राहत. त्यांनी रयतेची पत्रे पोहोचवावयास टपालराव सरदार घडविला, आणि पत्रांची मोट बांधावयास त्याचा गडी मोटबा. मोटबास विद्या एकच, पुढे येईल ते बांधावे. बाईंनी टपालरावाचे कानात सांगितले, "मोटबा माजघरात असतो, तेथेच हाक मार." उत्तरेत कारभार उत्तम चालिला. मग पेटारा दक्षिणेस गेला, आणि तेथील सुभेदार यमाजीपंत यांनी चालीप्रमाणे मोटबास कोठीत ठेविले. टपालराव माजघर शोधीत निघाले, ते मोकळ्या परसात उभे राहून हाका मारू लागले, आणि मोटबा कोठीत धन्याची वाट पाहत बसला, आणि पत्रे पडून राहिली.

रयत कुरकुरली. मग पंतांनी घाईने मोटबास चव्हाट्यावर आणून बसविले आणि टपालरावास म्हणाले, "आता येथे हाक मारा." पत्रे निघाली. परंतु रयतेपैकी भीमाबाई ढवळे यांनी चव्हाट्यावर नवे नाव पाहिले आणि कौतुकाने पुसिले, "काय रे मोटबा, तू काय करतोस?" मोटबास धन्याचेच बोलणे उमजे, सबब पुढे आले ते त्याने बांधिले. बाईंचे हिशेब, नातवंडांची छायाचित्रे, पापडांची कृती, सारे एका मोटेत आवळून ठेविले. भीमाबाई पंतांकडे येऊन म्हणाल्या, "सुभेदार, हा गडी आहे की दरोडेखोर?"

पंत विचारात पडिले. सुभ्याची नवी घडी, म्हणजे वितरणाची नवी आवृत्ती, बसावयाचा मुहूर्त जवळ आला होता, आणि रयतेस उपद्रव देणारा पेटारा त्या मुहूर्ती सुभ्याबाहेर जाई, ऐसा कायदा. टपालराव त्यांस आवडत. मग पंत स्वतः उत्तरेस गेले.

सगुणाबाई बोलिल्या, "पंत, एक माजघर बांधा म्हणजे झाले."

"तुमच्या एका गड्यासाठी वडिलांची कोठी मोडू? माजघर नसलेल्या घरी लोक जेवत नाहीत काय?"

"जेवतात. पण आमचा सरदार मात्र परसात उपाशी उभा राहतो."

"तो तुम्हीच उभा केलात, बाई. आपल्या घरचा पत्ता त्याला साऱ्या मुलखाचा म्हणून शिकवलात."

बाई हसू गेल्या, परंतु हसू येईना. टपालरावावर त्यांची माया, ती कोठे चुकली हे त्यांस उमगले. मग त्यांनी टपालरावाचे कानातील माजघर पुसून तेथे जागा रिकामी ठेविली, आणि ठराव केला की ज्या सुभ्यात पेटारा उतरेल तेथील सुभेदाराने बिऱ्हाड देतेवेळी मोटबाचा ठाव सांगावा. पंत म्हणाले, "उत्तरेचे सुभेदार म्हणतील, बाई दक्षिणेपुढे वाकल्या."

"म्हणू देत. माझा टपालराव तुमच्याकडे राहील ना?"

"राहील. मी सांगेन त्याच्या कानात."

मग मोटबा कोठीत परतला, आणि टपालरावांनी खणाशी जाऊन हलकेच हाक मारिली, आणि मोटबा पहिल्या हाकेस उठला. मुहूर्ती पंतांनी टपालरावाचे नाव सुभ्याचे मंडळीत स्वमुखे पुकारिले.

येणेप्रमाणे सरदारास गडी मिळाला आणि रयतेस टपाल. माजघर बरे की कोठी बरी, हा वाद उभय सुभ्यांत अद्यापि आहे. त्याविषयी सुभेदार एकमेकांस कडक पत्रे लिहितात, आणि ती वेळेवर पोहोचतात.