शाकाहारी उंदीर

आमरसाच्या पातेल्याला जागा हवी म्हणून मी फ्रीझरमधली थर्माकोलची डबी ओट्यावर काढून ठेवली आणि शेंद्र्याला कामावर निघून गेलो. बायको माहेरी, गंगापूरला. दुष्काळातला मे महिना. संध्याकाळी परतलो तर डबीतून पाणी गळत होतं.

ही डबी वरच्या मजल्यावरच्या पाठक सरांची. रस्तारुंदीकरणाच्या खोदकामात त्यांच्या प्रयोगशाळेची केबल तुटली, तेव्हा या डबीतल्या बर्फात खुपसलेली बोटभर नळी छातीशी धरून ते रिक्षानं थेट आमच्याकडे आले होते. त्यांचा स्वतःचा फ्रीज काकू गेल्यापासून बंद. "एकट्याला काय करायचाय?"

"वहिनी, उंदराच्या यकृतातलं एन्झाइम आहे. लई नाजूक जीव."

बायको मागं सरली. "माझ्या फ्रीजमध्ये उंदीर?"

"नाय हो. जीन तेवढा उंदराचा. तो जिवाणूंच्या पोटात घातला, त्यांनीच हे बनवलं. एकही उंदीर मेला नाय. शाकाहारी उंदीर समजा."

तेव्हापासून सर रोज संध्याकाळी यायचे, डबीवर टिचकी मारून "काय पाहुणे, बरंय का?" विचारायचे आणि चहा घेता घेता, यकृतात औषध कसं फुटतं ते बिस्किटं मोडून दाखवायचे. एकदा पाण्याच्या टँकरवाल्यालाही त्यांनी गाठलं. तो सगळं ऐकून म्हणाला, "वो सब ठीक है साब, पहले टाकी का ढक्कन खोलो."

आणि आज मी त्या पाहुण्यांना उकाड्यात मारलं होतं. एवढ्यात बेल वाजली. दारात सर, आणि त्यांच्यामागं पिशव्या घेऊन बायको.

"सर, पाहुणे... दिवसभर बाहेर होते."

सरांनी डबी उचलली, कानाशी हलवली.

"काय होत नाय त्यांना," ते म्हणाले. "आमच्या कन्नड तालुक्यातल्या माणसांसारखेच काटक आहेत."

रोजचा लई नाजूक जीव एकदम काटक कसा झाला, हे विचारायची माझी छाती झाली नाही. सरांनी आज दोन कप चहा घेतला. जाताना दारात घुटमळले.

"मग... डबी राहू द्यायची ना इथंच?"

"म्हणजे काय, राहू द्या की," बायको म्हणाली.

दार लागल्यावर मी कपाळ पुसलं. "केवढं मोठं मन! मी त्यांची सगळी मेहनत वितळवली, आणि माणूस एका शब्दानं बोलला नाही."

"अहो, केबल जोडली त्याच दिवशी ते नळी घेऊन गेले, माझ्यासमोर. डबीत नुसता बर्फ असतो. आता ताजा भरा आणि ठेवा परत जागेवर. उद्या यायचेत ते."