पास झालेलं छप्पर

डागडुजी करणारा माणूस पैसे घेऊन गेल्याला आठवडाही झाला नव्हता, तोच मागच्या खोलीचं छप्पर पुन्हा गळू लागलं. या वेळी थेंब नेमका पलंगाच्या उशाशी पडत होता. म्हणजे डागडुजीने काहीच झालं नव्हतं असं नाही. पूर्वी तो पायथ्याशी पडायचा.

तपासनीस खोलीच्या मधोमध उभे राहून वर बघत होते. नोकरीचा सगळा काळ त्यांनी दुकानादुकानांतून वजनकाटे तपासण्यात घालवला होता. निवृत्त झाले तरी गल्ली त्यांना तपासनीसच म्हणायची, आणि तेही बाजारातला प्रत्येक काटा अजून जरा वाकून बघायचे.

"आता डागडुजी नाही," ते म्हणाले. "सगळी कौलं उतरवायची. नवीन पत्रे."

"उतरवा. पण महिनाअखेर लेक येतेय बाळाला घेऊन," बायको म्हणाली. "खोली कोरडी नसेल तर ती गावातच तिच्या सासरी राहील. व्याह्यांचा कालच फोन आला होता. म्हणाले, काळजी करू नका, आमच्याकडे पक्का स्लॅब आहे."

"पक्का म्हणाले?"

"दोनदा म्हणाले."

तपासनीसांचा चेहरा एखादा खोटा काटा सापडल्यावर व्हायचा तसा झाला. नात दोन महिन्यांची होती आणि त्यांनी तिला अजून फक्त फोनवर पाहिलं होतं. ती पहिल्यांदा इकडे येणार, आणि थेंबापायी तिला व्याह्यांच्या स्लॅबखाली पाठवायचं? ते काही त्यांना झेपण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी छप्परवाल्यांना बोलवायला सुरुवात केली. डागडुजीवाल्याने फसवलं होतं, कारण त्याला फक्त भाव विचारला होता. या वेळी तपासनीसांकडे एकच प्रश्न होता.

"तुमच्या स्वतःच्या घराचं छप्पर कुणी घातलंय?"

पहिला गोंधळला. तो तिसऱ्या मजल्यावर राहत होता आणि त्याच्या डोक्यावर चौथा मजला होता. दुसरा म्हणाला, "भाड्याचं घर आहे, मालकाला विचारा." तिसरा मात्र हसला. अंगाने आडवा, आवाजाने मोठा, शर्टाच्या खिशात पेन्सिल.

"घर माझं, छप्पर माझं, हातही माझे," तो म्हणाला. "बोला साहेब, कधी चढू?"

"आधी तुमचं घर दाखवा."

छप्परवाल्याचं हसू जरा सैल झालं. "माझं घर कशाला बघता? बेकरीचं बघा ना. शाळेची शेड बघा. एक थेंब आला तर मिशी काढीन."

"बेकरीत तुम्ही झोपता का?"

"नाही."

"मग चला."

छप्परवाल्याचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. दार त्याच्या बायकोने उघडलं. आत पलंगाच्या वर आढ्याला एक छत्री उलटी टांगलेली होती आणि तिच्या टोकाला बांधलेल्या दोरीवरून पाणी शिस्तीत मोरीत जात होतं. तपासनीसांनी ती व्यवस्था बारकाईने पाहिली. डोकं वापरलेलं होतं, यात शंका नव्हती.

"लोकांची करता करता घरचं राहून जातं, साहेब," छप्परवाला पुटपुटला. "पुढच्या आठवड्यात घेणारच होतो."

"लग्नात मी छत्री आणली होती माहेरून," बायको म्हणाली. "तीच ही. तेव्हापासून पुढचा आठवडा चाललाय. तुम्ही कोण म्हणालात, काका?"

"गिऱ्हाईक. म्हणजे, होणार होतो."

खरं तर इथेच त्यांनी परत फिरायला हवं होतं. पण गावात चौथा छप्परवाला नव्हता आणि महिना निम्मा सरला होता. शिवाय स्वतःच्या घराचं छप्पर बघण्याचा नियम मोडायचा तर मग डागडुजीवाला काय वाईट होता? तपासनीस छत्रीकडे बोट दाखवून म्हणाले, "आधी हे छप्पर बदला. मी तपासेन. पास झालं, की माझं काम तुमचं."

"अहो साहेब, असं कुठे असतं?"

"असतं," बायको म्हणाली. तिने भिंतीला टेकवलेली शिडी उचलून स्वतःच्या खोलीत नेली आणि कडी लावली. "काकांनी पास करेपर्यंत ही शिडी बाहेरच्या कुठल्याही कामावर जाणार नाही."

असं छप्परवाल्याच्या घराचं काम सुरू झालं. तपासनीस रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन तिथे हजर राहू लागले. पहिले दोन दिवस त्यांनी फक्त बघितलं. तिसऱ्या दिवशी बोलायला लागले, आणि नंतर काही थांबले नाहीत.

"हा स्क्रू पन्हळीच्या खोलगट भागात का मारलाय? पाणी तिथूनच वाहणार ना? उंचवट्यावर घ्या."

"तिथे जरा हात पोचत नव्हता."

"पाणी पोचेल. काढा."

मग त्यांनी पत्र्यावर पत्रा किती चढलाय ते पाहिलं आणि वारा कोणत्या बाजूने येतो ते विचारलं. छप्परवाल्याने सांगितलं. तपासनीसांनी बोट ओलं करून खात्री केली. वारा दुसऱ्याच बाजूने येत होता. दोन ओळी पत्रे उतरले. पत्रे उतरल्यावर खालचा एक वासा बोटाने दाबला तर बिस्किटासारखा तुटला.

"हा झाकून टाकणार होतात?"

"दिसला नव्हता, साहेब."

"आता दिसला."

छप्परवाल्याने बायकोकडे पाहिलं. ती तपासनीसांना चहा देत होती. त्याला नव्हता.

शेवटी परीक्षा झाली. तपासनीसांनी नळाला लांब पाइप लावून छपरावर पाणी सोडलं आणि आत पलंगावर उताणे पडून वाट पाहिली. आढ्यापाशी एक थेंब दिसला. नापास. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी, पुन्हा उताणे. या वेळी ते इतका वेळ पडून राहिले, की छप्परवाल्याच्या बायकोला ते झोपले असं वाटून तिने अंगावर चादर टाकली.

"जागा आहे मी," तपासनीस म्हणाले. "पास."

तिने छत्री काढून घडी घातली. छप्परवाल्याने शिडी मागितली. ती मिळाली.

आता तपासनीसांच्या घराची पाळी. पण छप्परवाल्याच्या वाशाने त्यांना एक गोष्ट शिकवली होती: उघडून बघितल्याशिवाय काहीही ठरवायचं नाही. म्हणून पत्रे यायच्या आधीच मागच्या खोलीवरची सगळी कौलं उतरवली. वासे पाहिले. बोटाने दाबले. बहुतेक सगळे बिस्किटं निघाले. छप्परवाल्याने वर ताडपत्री ताणली आणि लाकूड आणायला गेला.

त्याच दुपारी लेक दारात उभी राहिली. कडेवर बाळ, मागे रिक्षावाला दोन बॅगा घेऊन.

"गाडीचं आरक्षण आधीचं मिळालं," ती म्हणाली. "म्हटलं, आश्चर्याचा धक्का देऊ."

धक्का बसला. ती मागच्या खोलीत गेली आणि तिने वर पाहिलं. वर निळी ताडपत्री होती, तिच्यात मध्यभागी मोठं पोट आलं होतं, कारण ती वाटेत असतानाच पाऊस सुरू झाला होता. ती बघत असतानाच ते पोट एका कोपऱ्याने रिकामं झालं.

"अहो," बायको शांतपणे म्हणाली. एवढी शांत ती क्वचितच असायची. "व्याह्यांना फोन लावू की तुम्ही लावताय?"

"पुढच्या खोलीत—"

"पुढच्या खोलीत मागच्या खोलीतलं सामान आहे. आपण दोघं गेले दोन दिवस कपाटांच्या मधून आडवे चालतोय."

"बाबा, राहू दे," लेक म्हणाली. "आठ-पंधरा दिवस तिकडे राहते. त्यांचा स्लॅब पक्का आहे."

त्या शब्दासरशी तपासनीस ताठ झाले. "माझी नात पास झालेल्या छपराखालीच झोपेल," ते म्हणाले. "त्या स्लॅबवर कुणी पाणी सोडून बघितलंय?"

"मग पास झालेलं छप्पर कुठे आहे?" लेकीने विचारलं.

प्रश्न रास्त होता. गावात तसं एकच छप्पर होतं.

तपासनीस बाळाला कसं न्यायचं याचा विचार करत होते, तेवढ्यात लेक आल्याची बातमी ऐकून छप्परवाल्याची बायको स्वतःच आली. तिने बॅग उचलली. "काकांनी मला कोरडी खोली दिली," ती लेकीला म्हणाली. "तू काय बघत बसलीस? चल." काकूंनाही तिने सोडलं नाही, बाळंतिणीजवळ आई नको का?

अशी वाटणी झाली. तीन बायका आणि एक बाळ छप्परवाल्याच्या घरी, नव्या पत्र्याखाली. छप्परवाला आणि तपासनीस इकडे पुढच्या खोलीत, कपाटांच्या मधे. रात्रीचं जेवण तिकडून डब्यातून यायचं.

"साहेब," छप्परवाला पहिल्या रात्री जेवता जेवता म्हणाला, "माझ्या स्वतःच्या नव्या छपराखाली मी अजून धड चार रात्रीही झोपलो नाही."

"मग हे लवकर करा."

त्याने ते लवकर केलं. इतकं मन लावून तो कधी कामाला लागला नसेल. नवे वासे, नव्या रिपा, पत्रे वाऱ्याकडे पाठ करून, स्क्रू सगळे उंचवट्यावर. आणि तपासनीसांनी एक गोष्ट जास्तीची मागितली. व्याही येणार, वर बघणार, काहीतरी बोलणार. त्यांना बोलायला जागाच नको.

"पत्र्याखाली जाड फोम घाला. दोन थर. वर गारा पडल्या तरी खाली कळता कामा नये."

"एवढी शांतता लागते का, साहेब?"

"बाळाला लागते."

पाइपची परीक्षा पहिल्याच फेरीत पास झाली. तपासनीस उताणे पडले होते आणि वर पाणी धो धो पडत होतं, हे त्यांना खिडकीतून बघूनच कळलं. ते व्याह्यांना स्वतः फोन करून म्हणाले, "या एकदा नातीला बघायला. आमच्याकडे."

लेक आणि बाळ घरी आली. दुपारी पाऊस सुरू झाला. छपरातून थेंब आला नाही, आवाज आला नाही, पावसाची चाहूलही आली नाही. त्या गाढ शांततेत नात रडायला लागली.

तिला खांद्यावर घेतलं. पाळण्यात घातलं. पोट दुखतंय का पाहिलं. आजीने अंगाई म्हटली, आजोबांनी म्हटली, तेव्हा ती जास्त रडली. अखेर लेकीने छप्परवाल्याच्या बायकोला बोलावलं. ती दारात उभी राहून क्षणभर ऐकत राहिली.

"इथे काहीच वाजत नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे पत्र्यावर पाऊस वाजायचा. तो वाजला की झोपायची ही. थांबला की उठायची."

सगळ्यांनी वर पाहिलं.

"काढू का फोम?" बायकोच्या मागोमाग आलेल्या छप्परवाल्याने विचारलं. "अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"पास झालेलं छप्पर उघडायचं नाही," तपासनीस म्हणाले आणि अंगणात गेले. पत्र्याचा एक उरलेला तुकडा कुंपणाशी पडला होता. तो त्यांनी मागच्या खोलीच्या खिडकीखाली आणला आणि दोन विटांवर तिरका टेकवला. पाऊस त्यावर ताडताड वाजू लागला. आतलं रडणं थांबलं.

त्यांनी समाधानाने हात पुसले. तेवढ्यात पाऊस थांबला.

तासाभराने व्याही आले तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. दार उघडंच होतं, पण स्वागताला कुणी नव्हतं, म्हणून ते घराला वळसा घालून मागे गेले. तिथे तपासनीस भिजलेल्या धोतराने उभे होते आणि झाडांना पाणी घालायच्या झारीने पत्र्याच्या एका तुकड्यावर पाणी घालत होते.

"काय करताय हे?"

"हळू बोला," तपासनीस कुजबुजले. "नुकती झोपलीय."

व्याह्यांनी खिडकीतून आत पाहिलं. नात मूठ गालाखाली घेऊन झोपली होती. वर छप्पर होतं. ते त्यांनी बराच वेळ न्याहाळलं. मग पत्र्यावरच्या आवाजाचा विषय त्यांच्या ध्यानात आला.

"आमच्या स्लॅबवरही आवाज होत नाही हो," ते दबक्या आवाजात म्हणाले. "म्हणजे तिकडे आली असती तरी..."

"रडलीच असती," तपासनीस म्हणाले. इतक्या दिवसांत एवढं गोड वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

झारी रिकामी होत आली. ती भरायला जायचं, तर मधे खंड पडणार. आत बाळाने मान हलवली. व्याह्यांनी चपळाईने शेजारची बादली उचलली, बाह्या सरसावल्या आणि पत्र्यावर पाणी ओतायला लागले.

तपासनीस झारी बाजूला ठेवून जरा मागे सरले आणि डोकं एका बाजूला कलवून ऐकू लागले.

"एवढी धार नको," ते म्हणाले. "तुम्ही ओततच सुटलात. हाताने शिंपडा. हं, आता जरा उंचावरून."

व्याह्यांनी हात उंच केला. त्यांच्या नव्या बुटांवर पाणी उडत होतं, पण त्यांनी पाय हलवला नाही.

"आता?"

तपासनीसांनी खिडकीतून आत डोकावून पाहिलं, आणि दोन बोटांनी खूण केली: चालू राहू द्या.