नवऱ्याचं हक्कसोडपत्र

माझ्या मसुद्यात पळवाट सापडत नाही! पाणी तपासायच्या आमच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्या सूचना मीच लिहिते, आणि अठरा वर्षांत तिथली एक काचनळीसुद्धा चुकीच्या फळीवर गेलेली नाही. मग मी गाडी चालवताना नवऱ्याचं तोंड बंद ठेवणं ते काय!

मी त्याच्याकडून रीतसर हक्कसोडपत्र लिहून घेतलं. 'गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत बोलण्याचा हक्क मी स्वखुशीने सोडत आहे. उसासे, हातवारे आणि पायाने नसलेला ब्रेक दाबणे, हेही बोलणेच समजावे. चूक झाल्यास वर्षभर भांडी घासीन.' त्याने सही ठोकली.

सासरे कायद्याचे निवृत्त प्राध्यापक. कागद वाचून म्हणाले, "अगं, मूलभूत हक्क असा सोडून देता येत नाही!"

"ते सरकारपुढे, बाबा. ही माझी गाडी आहे!"

"हाही मुद्दा आहेच," ते खूश झाले. "आज घेतो भाषणात."

त्या दिवशी याच विषयावर त्यांचं व्याख्यान होतं. निवृत्तीनंतर सात वर्षांनी कुणीतरी बोलावलं होतं. आठवडाभर आरशासमोर सराव चालला होता. वेळ अकराची, आणि पोहोचवायची जबाबदारी माझी!

वाटेत पेट्रोल भरलं. मी उतरून चारही चाकांतली हवा स्वतः तपासली, आणि निघाले. लगेच नवरा उकळत्या किटलीच्या झाकणासारखा जागच्या जागी उडायला लागला. बोट मागे!

"हातवारे!" मी म्हणाले. "भांडी घासायचीत का?"

त्याने बोट मुठीत कोंबलं. आरशात बाबांचा कोट दिसत होता, खिडकीला टेकलेला.

"बघ, बाबा कसे शांत झोपलेत! शीक जरा!"

नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

अकराला दहा कमी असताना सभागृहापाशी पोहोचलो. मी मागचं दार उघडलं. हुकाला कोट. कोटात कोणी नाही!

नवरा शांतपणे उतरला, त्याने दार लावलं आणि मग बोलला, "बाबा पंपावर राहिले. बाथरूमला गेले होते."

"आणि तू गप्प बसलास?"

"वर्षभर होती गं भांडी!"

मी गाडी वळवणार, तोच पंपावर चाकांत हवा भरणाऱ्या माणसाच्या स्कूटरवरून बाबा अवतरले. केस बाटली धुवायच्या ब्रशसारखे उभे! कोट न घालताच ते तडक व्यासपीठावर चढले.

"हक्क सोडता येतो का? कालपर्यंत माझ्याकडे नुसते न्यायालयांचे निकाल होते. आज पुरावा आहे!"

मग सगळी हकीकत, चाकांच्या हवेसकट. लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी होते. शेवटी बाबा गंभीर झाले. "बोलण्याचा हक्क एकट्या बोलणाऱ्याचा नसतो. तो सोडतो एक, आणि पंपावर राहतो दुसराच!"

टाळ्या थांबेनात. पुढच्या महिन्याचं आमंत्रण तिथल्या तिथे मिळालं. बाबांचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता. मला इतकं बरं वाटलं, की मी पुढे होऊन म्हटलं, "बाबा, तेव्हाही मीच नेईन तुम्हाला!"

"नको गं," ते मायेने म्हणाले, "स्कूटरवाला येतो म्हणालाय."